काटा मध्यावर, आकडा १०४ वर
वाचकांचे प्रश्न : गाडी आणि आपण

स्टीअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचायचा आणि इंजिनाचे तापमान, बॅटरीचा व्होल्टेज, इंधनाचा खप असे आकडे डोळ्यांसमोर आणून ठेवणारा डिजिटल इंजिन मॉनिटर, या एकाच विषयावर नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून बरीच पत्रे साठली होती. त्यांतील निवडक प्रश्नांना या अंकात उत्तरे देत आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत. उपकरणांच्या कंपन्यांची नावे मुद्दाम गाळली आहेत.

प्रश्न (सातपूर) : माझी पेट्रोल हॅचबॅक २०१२ सालची, एमएच-१५ पासिंगची आहे. मुलाने असा एक मॉनिटर मागवला आहे. दुकानदार म्हणतो, "२०१० नंतरच्या सगळ्या गाड्यांना चालतो." हे खरे आहे काय?

उत्तर : दुकानदाराचे म्हणणे अर्धे खरे आहे. हा मॉनिटर ज्या सॉकेटमध्ये बसतो त्याला ओबीडी सॉकेट म्हणतात. गाडीने आपल्या दोषांची नोंद आपणच ठेवावी आणि ती कोणत्याही कंपनीच्या स्कॅनरला एकाच भाषेत वाचून दाखवावी, यासाठी केलेली ही व्यवस्था आहे. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून तिचे दुसरे रूप, म्हणजे ओबीडी-२, सक्तीचे झाले. आपल्याकडे बीएस-४, म्हणजे धुरातील प्रदूषणाच्या भारत स्टेज-४ मानकाच्या, गाड्यांना २०१० पासून पहिल्या आणि एप्रिल २०१३ पासून दुसऱ्या टप्प्याचे ओबीडी लागू झाले. मात्र २०१० मध्ये बीएस-४ हे मानक सुरुवातीला केवळ १३ शहरांत आले आणि त्यांत महाराष्ट्रातील मुंबई, पुणे व सोलापूर ही होती. संपूर्ण देशात ते १ एप्रिल २०१७ पासून लागू झाले. त्यामुळे २०१२ मध्ये नाशिकमध्ये पासिंग झालेली गाडी बीएस-३ असू शकते. आधी आरसीवर किंवा बोनेटखालच्या पट्टीवर गाडीचे मानक पाहून घ्यावे.

सोळा छिद्रांचे, वरची बाजू रुंद आणि खालची अरुंद असलेले सॉकेट सापडले म्हणून लगेच निश्चिंत होऊ नये. त्या काळच्या काही गाड्यांत सॉकेट प्रमाणित आकाराचे, पण आतली भाषा कंपनीची स्वतःची, असा प्रकार आढळतो. अशा गाडीत मॉनिटरचा दिवा लागतो, कारण त्याला वीज मिळते, पण पडद्यावर आकडे येत नाहीत. उपकरण परत घेण्याची मुदत असतानाच ते लावून पाहावे. चावी 'ऑन' केल्यावर मॉनिटर गाडीची भाषा शोधू लागतो आणि त्याला कधी कधी मिनिटभरही लागते, म्हणून घाई करू नये. इंजिन सुरू केल्यावर आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) आणि कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) तापमान हे दोन आकडे आले तर उपकरण आपल्या गाडीत चालते असे समजावे. २०१२ च्या आसपासच्या बऱ्याच गाड्या जुन्या, संथ तारेवरून बोलतात, म्हणून पडद्यावर एकाच वेळी दहा आकडे मागू नयेत. चार ठेवले तर ते वेळेवर बदलतात, दहा ठेवले तर प्रत्येक आकडा शिळा होऊन येतो.

प्रश्न (सिडको) : ॲक्सेसरीजच्या एका दुकानात मॉनिटर बसवून घेतला. कारागिराने पडदा डाव्या बाजूच्या डॅशबोर्डवर चिकटवला, वायर पायांजवळून मोकळी सोडली आणि "कायम चालू राहायला नको" म्हणून मध्ये कापून फ्यूज बॉक्समधून दुसरा जोड दिला. हे ठीक आहे काय?

उत्तर : तिन्ही गोष्टी बदलून घ्याव्यात, आणि शक्य असल्यास आजच.

पायांजवळ लोंबणारी वायर सर्वांत धोक्याची आहे. ती क्लचच्या किंवा ब्रेकच्या पेडलमागे अडकली तर द्वारका चौकातील गर्दीत काय होईल, याची कल्पना आपण करू शकता. वायर सॉकेटपासून डॅशबोर्डच्या खालच्या कडेने न्यावी आणि दर वीतभर अंतरावर केबल टायने बांधावी. स्टीअरिंगचा फिरणारा दांडा आणि पेडलांची यंत्रणा यांपासून ती दूर राहिली पाहिजे. वायर बांधून झाल्यावर स्टीअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून आणि तिन्ही पेडल पूर्ण दाबून पाहिल्याशिवाय काम संपले असे मानू नये.

डाव्या बाजूच्या डॅशबोर्डच्या झाकणाखाली बहुधा एअरबॅग असते. ती उघडते तेव्हा वरची वस्तू माणसाच्या तोंडावर फेकली जाते. पुढच्या काचेच्या कडेच्या खांबातून वायर नेण्याचाही मोह होतो, पण कर्टन एअरबॅग, म्हणजे खिडक्यांवर पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग, असलेल्या गाडीत तोही मार्ग वर्ज्य आहे. स्टीअरिंगच्या उजव्या हाताची एसीची जाळी आणि खिडकी यांमधील जागा मला सर्वांत सोयीची वाटते. नजर रस्त्यावरून फार हलत नाही आणि काचेतून दिसणारा भागही झाकला जात नाही.

राहिला फ्यूज बॉक्समधील जोड. मॉनिटर 'प्लग-इन' असण्याचा मुख्य फायदाच हा की गाडीची एकही वायर सोलावी लागत नाही. वायर कापलेली दिसली की वॉरंटीच्या दाव्यात वाद उभा राहतो, आणि वॉरंटी संपलेली असली तरी पावसाळ्यात असे जोड हिरवे पडून भलतेच दोष दाखवू लागतात. सॉकेट आणि प्लग यांच्यामध्ये बसणारी, स्विच असलेली तयार जोडवायर मिळते. वीज तोडायचीच असेल तर ती वापरावी. आणखी एक सवय लावून घ्यावी : प्लग घालताना आणि काढताना चावी बंद असावी आणि प्लग सरळ धरलेला असावा. वाकडा लावलेला प्लग सॉकेटची पिन वाकवतो, आणि पुढच्या सर्व्हिसिंगला वर्कशॉपचा स्कॅनर लागेनासा होतो.

प्रश्न (इंदिरानगर) : मे महिन्यात कल्याणहून परतताना कसारा घाटात मॉनिटरवरील कूलंटचे तापमान ९० वरून १०४ अंश सेल्सियसपर्यंत चढले. डॅशबोर्डवरील काटा मात्र सगळा वेळ मध्यावर होता. मी घाबरून गाडी बाजूला घेतली आणि इंजिन लगेच बंद केले. विश्वास कोणावर ठेवायचा आणि मी केले ते बरोबर होते काय?

उत्तर : बहुतेक गाड्यांत काटा आणि मॉनिटर यांना माहिती एकाच सेन्सरकडून मिळते. मॉनिटर ती जशीच्या तशी सांगतो आणि काटा ती लपवतो. डॅशबोर्डवरील काटा मुद्दामच असा बांधलेला असतो की साधारण ७५-८० अंशांपासून १०५ अंशांपर्यंत किंवा त्याहूनही थोडे वर त्याने मध्यावरून हलू नये, कारण काटा सारखा वरखाली होऊ लागला की मालक वर्कशॉपच्या दारात येऊन उभे राहतात. कित्येक नव्या गाड्यांतून तर काटाच गेला असून एक निळा आणि एक लाल दिवा एवढेच उरले आहे. काटा हलला किंवा लाल दिवा लागला म्हणजे हाताशी असलेला वेळ बराचसा संपलेला असतो, आणि माझ्या मते हा मॉनिटर विकत घेण्याचे सर्वांत सबळ कारण हेच आहे. बाकीच्या आकड्यांचे कौतुक नंतर.

आता १०४ या आकड्याकडे वळू. इगतपुरी आणि नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहेत. येथे उघड्या पातेल्यातील पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते, म्हणून १०४ वाचून छातीत धस्स होणे स्वाभाविक आहे. परंतु रेडिएटर हे उघडे पातेले नाही. त्याचे झाकण आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एका बारने, म्हणजे जवळजवळ हवेच्या दाबाइतका, वाढू देते, आणि त्या दाबाखाली निम्मे कूलंट व निम्मे पाणी असे मिश्रण १२० अंशांच्या पुढे जाऊन उकळते. कूलंटला रेडिएटरकडे जाऊ देणारी झडप, म्हणजे थर्मोस्टॅट, साधारण ८२ ते ९० अंशांना उघडतो आणि पंखा गाडीगणिक ९५ ते १०५ अंशांच्या दरम्यान सुरू होतो. मे महिन्याची दुपार, चालू एसी, चार माणसे, पुढे रांगणारा ट्रक आणि दुसऱ्या गिअरमधील चढ एवढे एकत्र आले असताना १०४ हा आकडा अनेक निरोगी गाड्यांत दिसतो. तो एका जागी थांबतो की चढतच राहतो आणि घाटमाथा ओलांडल्यावर पाच-सात मिनिटांत पुन्हा ९० च्या घरात येतो की नाही, हे पाहावे.

इंजिन लगेच बंद करणे मात्र चुकले. इंजिन थांबले की पाणी फिरवणारा पंपही थांबतो, सिलिंडरच्या भोवतालची उष्णता तिथेच कोंडते आणि त्या भागातील तापमान उलट काही काळ वाढते. अशा वेळी आधी एसी बंद करावा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात लावावा (मे महिन्यात ही शिक्षाच आहे, पण हीटर म्हणजे एक छोटा जादा रेडिएटर असतो), पुढच्या ट्रकपासून अंतर वाढवावे आणि एक गिअर खाली टाकून हलक्या पायाने चढावे. तरीही आकडा वाढत राहिला तर सुरक्षित जागा पाहून थांबावे आणि न्यूट्रलमध्ये इंजिन १२०० ते १५०० आरपीएमवर चालू ठेवून पंख्याला काम करू द्यावे. आकडा ११५ च्या पुढे गेला, लाल दिवा लागला, वाफ दिसली किंवा कूलंट सांडलेले आढळले, तर मात्र इंजिन तत्काळ बंद करावे. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये, हे घाटात राहणाऱ्यांना सांगायला नको, तरी दरवर्षी कोणीतरी हात भाजून घेतोच.

आता एक इशारा देतो, तो या उपकरणाच्या माहितीपुस्तिकेत सहसा नसतो. मॉनिटर सांगतो ते सेन्सरच्या टोकाला लागलेले तापमान. पाइप फुटून कूलंट निघून गेले आणि सेन्सर पाण्याऐवजी वाफेत किंवा कोरड्या पोकळीत उरला, तर इंजिन होरपळत असतानाही आकडा खाली येऊ शकतो किंवा वेडावाकडा नाचू शकतो. चढावर पूर्ण जोर लावलेला असताना तापमान अचानक १५-२० अंशांनी उतरले तर हायसे वाटून घेऊ नये, ताबडतोब थांबावे. घाटाला निघण्यापूर्वी, थंड इंजिनावर, कूलंटच्या बाटलीतील पातळी डोळ्यांनी पाहण्याला कोणताही मॉनिटर पर्याय नाही.

आपल्यासाठी घरचा अभ्यास सांगतो. पंधरा दिवस एका वहीत आकडे लिहावेत : गंगापूर रोडवर सकाळी किती, मुंबई नाक्याच्या सिग्नलच्या रांगेत किती, महामार्गावर ताशी ८० च्या वेगाने किती, नांदुरीहून सप्तशृंगी गडाकडे चढताना सर्वाधिक किती. यांतील सर्वांत वरच्या आकड्यात सहा-सात अंश मिळवून तेथे मॉनिटरची घंटी लावावी. पुढच्या वर्षी त्याच घाटात, तेवढ्याच माणसांनिशी आकडा आठ अंशांनी वर गेला, तर रेडिएटर तुंबला आहे, पंख्याचा जोराचा वेग गेला आहे किंवा थर्मोस्टॅट नीट उघडत नाही, अशा तीन शंका घेऊन वर्कशॉपला जाता येते. याउलट महामार्गावर अर्धा तास चालूनही आकडा ७५ च्या वर जात नसेल तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलेला असतो. गाडी थंड राहते म्हणून मालक खूश असतो, पण इंजिन थंड समजून पेट्रोल जास्त सोडले जाते.

सेन्सर खरे बोलतो की नाही, याची परीक्षाही घरी होते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत सकाळी इंजिन सुरू न करता चावी 'ऑन' करावी. कूलंटचे तापमान आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान हे दोन आकडे दोन-तीन अंशांच्या फरकाने जुळले पाहिजेत. निफाडच्या जानेवारीतल्या पहाटे एक आकडा ९ आणि दुसरा २४ दाखवत असेल, तर दोघांपैकी एक सेन्सर खोटे बोलत आहे.

प्रश्न (पंचवटी) : मॉनिटर माझ्या पेट्रोल गाडीचे ॲव्हरेज नेहमी जास्त दाखवतो. टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल मोजले तेव्हा त्याच्या हिशेबाने ३१.२ लिटर लागायला हवे होते, पंपावर ३३.५ लिटर बसले. शिवाय कसारा उतरताना तो ॲव्हरेजच्या जागी ९९ दाखवतो. उपकरण खराब आहे की पंपवाला?

उत्तर : पंपवाल्यावर इतक्यात आळ घेऊ नये. मॉनिटर पेट्रोल मोजत नाही. इंजिनात किती हवा गेली हे तो सेन्सरकडून ऐकतो आणि साधारण १४.७ ग्रॅम हवेमागे १ ग्रॅम पेट्रोल या प्रमाणाने हिशेब मांडतो. हे प्रमाण शुद्ध पेट्रोलचे आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला हवा कमी लागते, त्याचे प्रमाण साडेतेराच्या आसपास येते, म्हणजे तेवढ्याच हवेमागे, लिटरच्या हिशेबाने, सात-आठ टक्के जास्त इंधन जाते. आपला फरक ७.४ टक्के आहे, तो बराचसा येथेच मिळतो.

यावर उपाय सोपा आहे. मॉनिटरच्या सेटिंगमध्ये इंधनाची दुरुस्ती म्हणून एक आकडा असतो. ३३.५ ला ३१.२ ने भागल्यास १.०७४ येते, म्हणजे खप ७.४ टक्क्यांनी वाढवून सांग, असे उपकरणाला सांगायचे. एकाच टाकीवर विसंबू नये. त्याच पंपावर, त्याच मशिनवर, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईल तेथे थांबून तीन वेळा टाकी भरावी आणि सरासरी घ्यावी. कंपनीबाहेरचा सीएनजी किट असलेल्या गाडीत हा हिशेब सीएनजीवर चालत असताना निरर्थक असतो. डिझेलमध्ये हवा आणि इंधन यांचे प्रमाण सतत बदलते, म्हणून तेथे हवेवरून काढलेले ॲव्हरेज, विशेषतः गाडी उभी असताना, केवळ करमणुकीपुरते घ्यावे.

कसारा उतरतानाचा ९९ हा दोष नाही. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि आरपीएम पुरेसा असला की इंजिनाचा संगणक पेट्रोल सोडणारे इंजेक्टर पूर्ण बंद करतो. चाकेच इंजिनाला फिरवत राहतात आणि इंधन शून्य लागते. शून्याने भागता येत नाही म्हणून मॉनिटर आपल्याजवळचा सर्वांत मोठा आकडा दाखवतो. याबाबत एक प्रयोग सौम्य, मोकळ्या उतारावर जरूर करून पाहावा, घाटात नव्हे : गाडी न्यूट्रलमध्ये टाका आणि आकडा पाहा. ९९ खाली कोसळतो, कारण आता इंजिनाला स्वतःच्या बळावर चालू राहण्यासाठी पेट्रोल लागते, आणि लहान पेट्रोल इंजिन नुसते उभे राहून तासाला अर्ध्या लिटरहून अधिक पेट्रोल पिते. घाट न्यूट्रलमध्ये उतरल्याने पेट्रोल वाचते, हे मी लहानपणापासून एसटी स्टँडपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत ऐकत आलो आहे. कार्ब्युरेटरच्या जमान्यात त्यात थोडे तथ्य असेलही. आज त्यात पेट्रोलही जाते आणि इंजिनाचा ब्रेकही जातो, मग सगळा भार चाकांच्या ब्रेकवर येऊन ते तापतात.

प्रश्न (नाशिक रोड) : तीन आठवडे परगावी होतो. परत आलो तर गाडी सेल मारेना. बॅटरी दीड वर्षाचीच आहे. ब्लूटूथचा छोटा मॉनिटर सॉकेटमध्येच राहिला होता. त्याने एवढे काय होणार?

उत्तर : हिशेब करून पाहू. सॉकेटच्या १६ व्या पिनेला चावी बंद असतानाही बॅटरीची वीज असते. आपले उपकरण झोपी जाणारे नसेल तर ते सुमारे ४० मिलिअँपिअर घेत राहते. दिवसाला ते ०.९६ अँपिअर-तास होतात, २१ दिवसांत सुमारे २०. गाडीचे घड्याळ, सेंट्रल लॉक आणि संगणक मिळून २५ मिलिअँपिअर धरले तर त्यांचे १२.६ झाले. बेरीज पोहोचली ३२ च्या वर, आणि लहान गाडीत बॅटरी असते साधारण ३५ अँपिअर-तासांची. काही स्वस्त उपकरणे याहून वाईट वागतात : ती सतत प्रश्न विचारून गाडीच्या संगणकालाही झोपू देत नाहीत. दोन-चार दिवसांहून जास्त गाडी उभी राहणार असेल तर प्लग काढून ठेवावा.

हाच मॉनिटर बॅटरीची तपासणीही करतो. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. इंजिन सुरू असताना १३.५ ते १४.७ असावे. काही नव्या गाड्यांत अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनित्र) गरजेप्रमाणे कमीजास्त चार्ज करतो, तेथे क्षणभर १२.८ दिसले म्हणून अल्टरनेटर उतरवायला घेऊ नये. पूर्ण उतरलेली बॅटरी बाहेर काढून सावकाश चार्ज करून घ्यावी, जंपर केबलने गाडी सुरू करून लगेच मुंबई गाठू नये.

प्रश्न (देवळाली कॅम्प) : जुनी गाडी घेत आहे. 'चेक इंजिन'चा दिवा लागत नाही, मॉनिटरवरही कोड नाही. निर्धास्त व्हावे काय?

उत्तर : कोड, म्हणजे गाडीने नोंदवलेल्या दोषाचा क्रमांक, नसणे आणि तो उडवलेला असणे यांत फरक आहे, आणि तो मॉनिटरवरच दिसतो. कोड पुसला की त्याबरोबर गाडीच्या स्वपरीक्षांचे निकालही पुसले जातात. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर इत्यादींच्या परीक्षा पूर्ण व्हायला बरेच दिवस वेगवेगळ्या प्रकारे गाडी चालवावी लागते. मॉनिटरच्या यादीत 'रेडी' या सदरात बहुतेक परीक्षा अपूर्ण दिसल्या तर अलीकडेच कोणीतरी पुसापुशी केली आहे किंवा बॅटरी काढली होती. बऱ्याच गाड्या 'कोड पुसल्यापासूनचे अंतर' असा वेगळा आकडाही देतात. ७० हजार किलोमीटर चाललेल्या गाडीत तो आकडा १८ निघाला, तर विक्रेत्याला शांतपणे विचारावे की काल काय दुरुस्त केले. स्वतःच्या गाडीत कोड आला तर पुसण्याआधी तो लिहून ठेवावा आणि त्यासोबत साठवलेली स्थितीही, म्हणजे दोष घडला तेव्हाचा वेग, आरपीएम व तापमान, टिपून घ्यावी. वर्कशॉपमधील माणसाला त्या चार आकड्यांचा फार उपयोग होतो. हेही ध्यानात असावे की कोड दोषाचा विभाग सांगतो, सुटा भाग नव्हे : पी०१७१ म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते आहे, मग कारण फाटलेली हवेची नळी असेल किंवा थकलेला पेट्रोल पंप.

प्रश्न (कॉलेज रोड) : बीएस-६ डिझेल एसयूव्ही आहे. रोजचे अंतर चार-पाच किलोमीटर. मध्येच पंखा जोरात फिरतो, ॲव्हरेज निम्मे होते आणि एकदा फिल्टरचा पिवळा दिवाही लागला.

उत्तर : एक्झॉस्टमधील काजळीचा फिल्टर, डीपीएफ, स्वतःला जाळून साफ करण्याचा प्रयत्न करतो आहे आणि आपण दर वेळी मध्येच घरी पोहोचता. त्या सफाईसाठी फिल्टरमध्ये सुमारे ६०० अंश तापमान लागते आणि त्यासाठी जास्तीचे डिझेल सोडले जाते, म्हणून ॲव्हरेज पडते. दिवा लागल्यावर त्याच दिवशी गाडी ओझर-पिंपळगावच्या दिशेने महामार्गावर नेऊन एका सलग वेगाने वीस-पंचवीस मिनिटे चालवावी. काजळीचे प्रमाण हा आकडा प्रमाणित यादीत नसतो, कंपनीच्या खासगी यादीत असतो; म्हणून मॉनिटर घेताना आपल्याच मॉडेलसाठी तो आकडा मिळतो काय, एवढे एकच विचारावे. तो मिळाला तर सफाई सुरू असताना गाडी बंद करण्याची चूक टळेल.

प्रश्न (पिंपळगाव बसवंत) : द्राक्षे वाहणारी पिकअप आणि एक मोठा ट्रक आहे. दोघांना एकच मॉनिटर चालेल काय? ट्रकला जीपीएसही आहे.

उत्तर : बीएस-४ किंवा बीएस-६ पिकअप बहुधा १२ व्होल्टची असते, तिला चालावा. मोठ्या ट्रकची वीज २४ व्होल्टची आणि भाषाही वेगळी, जे-१९३९ नावाची असते; खोक्यावर २४ व्होल्ट स्पष्ट लिहिलेले नसेल तर प्लग लावूही नये, उपकरण जळेल. जीपीएस ओबीडी सॉकेटमधून जोडलेला असेल तर दोन फाट्यांची जोडवायर लावून दोन्ही उपकरणे एकाच वेळी चालवू नयेत, दोघे एकमेकांच्या प्रश्नांत बोलतात आणि गाडी भलतेच दिवे लावते.

प्रश्न (गंगापूर रोड) : मोबाइलला जोडणारा ब्लूटूथचा मॉनिटर घ्यावा की स्वतःचा पडदा असलेला?

उत्तर : कधीतरी कोड वाचायचा असेल तर ब्लूटूथचा पुरेसा आहे आणि स्वस्त आहे. घाटात घंटी वाजायला हवी असेल तर स्वतःच्या पडद्याचा घ्यावा, कारण नेमक्या वेळी मोबाइलवर फोन येतो किंवा नकाशा उघडलेला असतो. ब्लूटूथच्या उपकरणात जोडणीसाठी पासवर्ड नसेल, किंवा असला तरी सगळ्यांना ठाऊक असलेला १२३४ असेल, तर काम झाल्यावर ते काढून ठेवावे. सिमकार्ड घालून इंटरनेटला जोडणाऱ्या प्रकाराबाबत अधिक सावध असावे. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातील विद्यापीठाच्या संशोधकांनी अशाच एका ओबीडी उपकरणाला एसएमएस पाठवून एका मोटारीचे ब्रेक निकामी करून दाखवले होते.

प्रश्न (मखमलाबाद) : याच सॉकेटमध्ये लावायचा, १५ ते ३० टक्के पेट्रोल वाचवणारा चिप मिळतो. मी तो घेतला. दोनशे किलोमीटरमध्ये तो गाडी 'शिकतो' असे लिहिले आहे. अजून फरक नाही.

उत्तर : फरक पडणारही नाही. अशी उपकरणे उघडून पाहणाऱ्यांना आत दोन-तीन लुकलुकणारे दिवे आणि ते लुकलुकवणारा एक छोटा चिप यापलीकडे फारसे काही सापडलेले नाही. इंजिनाच्या संगणकाशी बोलणाऱ्या तारा कित्येकदा जोडलेल्याच नसतात. परत करण्याची मुदत तीस दिवसांची असेल तर दोनशे किलोमीटर पूर्ण होण्याची वाट न पाहता आजच परत पाठवावे.